पाहुण्याला पाणी

मंदी आली, कंपनीचा मालक पळाला आणि आखातातल्या मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पात येणारा गोड्या पाण्याचा टँकरही बंद झाला. नळाचं खारं पाणी पिऊन दगडूच्या खोलीतली सगळी माणसं पोटं धरून बसली. तेव्हापासून चर्चची मल्याळी सिस्टर अलेयम्मा दर शुक्रवारी पाण्याचे कॅन आणून उतरवत होती.

दोन महिन्यांनी शहरातल्या अल मनखूल भागातून मराठी मंडळाचे सूर्यकांत साहेब उगवले. आल्या माणसाला आधी पाणी द्यायचं, म्हणून दगडूने तांब्या भरून दिला. उन्हाने कावलेल्या साहेबांनी तो घटाघटा रिकामा केला आणि तोंड पुसून सुरुवात केली.

"दगडू, त्या चर्चवाल्यांचं पाणी पिता म्हणे तुम्ही लोक? लाज नाही वाटत? उद्या धर्म बदलायला लावतील. खलास, आजपासून बंद."

दगडूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सिस्टरने आजवर कुणाला जात विचारली नव्हती की देव विचारला नव्हता.

"बंद करतो साहेब. मंडळाचा टँकर कधी येतोय?"

"इन्शाल्ला, पुढच्या मीटिंगमध्ये विषय काढतो."

दगडूने तांब्या पुन्हा भरून त्यांच्यापुढे धरला.

"मग तोवर हेच घ्या. मघाशी प्यायलात तेही त्यांचंच होतं."