सात दिवसांची बुटकी खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे, सागवानी, आणि खोटं कशाला बोलू, बुटकी. इतकी बुटकी की माझ्यावर बसणाऱ्याचे गुडघे थेट त्याच्या छातीशी येतात. लहान मुलं मला पाहून हसतात. हसू द्या बापडी. पण मित्रांनो, माझ्यावर बसलेली माणसं तुम्ही पाहिली असती, तर तुम्हीही गप्प झाला असता.

जन्मले तेव्हा मी चांगली उंचीपुरी होते. अकोल्यातल्या एका कापसाच्या जिनिंगच्या कचेरीसाठी सुताराने मला घडवलं. सरकीची धूळ खात मी तिथे तीस वर्षं काढली. हेडक्लार्क हसाजी झिराडकर माझ्यावर बसायचे. हसाजी बेने इस्राएल, म्हणजे यहुदी. वऱ्हाडात या लोकांची घरं तेव्हाही बोटांवर मोजण्याइतकीच होती. कोणी रेल्वेत, कोणी शाळेत, कोणी कचेरीत. जिनिंग बंद पडलं तेव्हा हसाजींनी मला घरी नेलं आणि मला वाटलं, चला, आता म्हातारपणी चैन.

कसली चैन आणि कसलं काय. पुढच्याच वर्षी हसाजींची आई वारली आणि या गृहस्थाने करवत आणून माझे चारही पाय निम्म्यात कापले. मी अशी चिडले होते म्हणून सांगू. मग कारण कळलं. यांच्यात घरचं माणूस गेलं की जवळच्यांनी सात दिवस घरात जमिनीलगत बसायचं असतं, उंच आसनावर नाही. हसाजी काही सुतार नव्हते. एक पाय जरा जास्तच कापला गेला, आणि मी आजही डुगडुगते.

त्या सात दिवसांत मी ती रीत पाहिली आणि माझा राग कुठल्या कुठे पळाला. दार नुसतं लोटलेलं असायचं. येणारा आत येई आणि बसे. नमस्कार नाही, ‘कसं झालं हो’ नाही. हसाजी बोलेपर्यंत कोणी अवाक्षर काढत नसे. ते बोलले तर बोलायचं, रडले तर रडू द्यायचं, गप्प राहिले तर आपणही गप्प. पहिलं जेवणसुद्धा त्यांच्या घरचं नव्हतं. लोकांनी उकडलेली अंडी आणि मसुरीची आमटी आणली होती. ऐकायला सोपं वाटतं, करून पाहा. भल्याभल्या बोलघेवड्यांना मी त्या शांततेत घामाघूम झालेलं पाहिलंय.

तेव्हापासून मी घरोघरी जाऊ लागले. अचलपूर, चांदूर रेल्वे, अमरावती, जिथे कोणी गेलं तिथे सात दिवस. मला नेण्याचं काम हसाजींच्या सुनेकडे, सिपोराबाईंकडे आलं. कोणाचं दुखणंखुपणं, कोणाचं एकटेपण, कोणाचा मोडलेला संसार, सगळ्यांसाठी सिपोराबाई. मग एकेक घर ठाण्याला गेलं, इस्राएलला गेलं. माझी पाठवणी माळ्यावर झाली. एका उन्हाळ्यात तर माझ्यावर कुरडया वाळत घातल्या होत्या. माझ्यावर माणसं मन मोकळं करायची, आणि आता कुरडया.

गेल्या हिवाळ्यात अमरावतीहून फोन आला. राजापेठेतल्या मिलकाबाई कोर्लेकर, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचे यजमान एलायझरकाका न्हाणीघरात पडले आणि गेले. मूलबाळ नाही. सिपोराबाईंनी त्र्याहत्तराव्या वर्षी मला एसटीत घातलं.

“मावशी, लहान पोराची खुर्ची हाय काय हे?” कंडक्टरने विचारलं.

“नाही रे बाबा, मोठ्या माणसांची आहे,” त्या म्हणाल्या.

दफन मंगळवारी झालं. मिलकाबाई माझ्यावर बसल्या आणि त्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच. खायला दिलं की दोन घोट चहा, बस. खाली गल्लीत शिकवणीला जाणाऱ्या पोरांच्या गाड्यांचा एवढा कलकलाट, पण त्या घरात टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

शेजारी वच्छलाबाई, भिंतीला भिंत लागून. मूळच्या शेतकऱ्याघरच्या, मन सोन्यासारखं, पण तोंडाला विसावा म्हणून नाही. दळण घेऊन निघाल्या की गिरणीपर्यंत चार घरांशी बोलणं व्हायचं. पहिल्या दिवशी त्या आल्या त्या स्वतःची गादीची खुर्ची उचलूनच.

“बाईले अशा फुटभर खुर्चीवर बसवता काय? लोक काय म्हणतीन? हे घ्या, मऊ हाय.”

बरोबरच आहे. आपल्याकडे दुःखी माणसाला चांगल्यातली चांगली जागा देतात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सिपोराबाईंनी त्यांना बाजूला घेऊन सगळं समजावलं आणि शेवटी सांगितलं, “आणि ती बोलेपर्यंत आपण बोलायचं नाही.”

“कावून? बोललं नाई त माणूस मोकयं कसं होईन?”

“काय बोलायचं ते तिचं तिला ठरवू दे.”

मला वाटलं, ही बाई तासभरही टिकायची नाही. पण वच्छलाबाई रोज यायच्या, माझ्यासमोर फरशीवर मांडी घालायच्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसायच्या. अक्षर नाही. शुक्रवारी सांजेपासून शब्बाथ, म्हणजे यांचा विसाव्याचा दिवस, त्या दिवशी खाली बसायचं नसतं, तेव्हा मी रिकामी असते. मिलकाबाई पलंगावर बसल्या, तशाच मुक्या. वच्छलाबाई तिथेही होत्या. मी पन्नास वर्षं दुःखातली घरं पाहिली, पण असं गप्प बसणं पाहून थक्क झाले.

रविवारी, सहाव्या दिवशी, डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, उद्या सकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही तर भरती करावं लागेल, जीव फार खालावलाय. सिपोराबाई वच्छलाबाईंना घेऊन स्वयंपाकघरात गेल्या.

“आयुष्यभर मी हीच रीत पाळत आले, वच्छलाबाई. हिचं काही बरंवाईट झालं तर माझ्या रीतीनेच तिला मारलं म्हणायचं.”

“मंग बोलू काय मी?”

सिपोराबाईंनी दारातून मिलकाबाईंकडे एकदा पाहिलं. मग सिपोराबाई म्हणाल्या, “आज दिवे लागेपर्यंत थांबू.”

मला देवाची काय भाषा येणार, पण तेव्हा मीही मनातल्या मनात काहीतरी मागितलं.

दुपार टळली. वच्छलाबाई येऊन बसल्या. मिलकाबाईंनी मान वर केली आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग कोरड्या घशाने म्हणाल्या, “वच्छला, तुझा घसा बसलाय का गं?”

“नाई, बाई. तुमी बोलाची वाट पाहून राहिलो.”

स्वयंपाकघराच्या दारात सिपोराबाई जिथल्या तिथे उभ्या राहिल्या.

“मिक्सर चालू होता,” मिलकाबाई म्हणाल्या. “चटणी करत होते. त्यांनी हाक मारली असेल गं. मारलीच असेल. मला मिक्सरच ऐकू येत होता.”

मला वाटलं, आता वच्छलाबाई म्हणतील, असं मनाला लावून घेऊ नका, देवाची मर्जी. जे सगळेच म्हणतात ते. त्या तसं काही बोलल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

“मलेबी मिक्सरच आयकू आला, बाई. मी भिंतीच्या पल्याड लसूण सोलून राहिलो होतो. म्हटलं, बाईची चटणी चालली. सहा दिवस झाले, हेच माह्या गयात अडकून हाय.”

मिलकाबाई इतक्या झटकन पुढे वाकल्या की मी कलंडता कलंडता राहिले. त्यांनी वच्छलाबाईंचे दोन्ही हात धरले, आणि दोघी रडल्या, मित्रांनो, आईगं, काय रडल्या. सहा दिवस ती बाई एकटीच गुन्हेगार होती. आता तिच्यासोबत कोणीतरी होतं. कचेरीत मी मोठमोठे साहेब पाहिले, भाषणं ऐकली. पण फरशीवर बसलेल्या त्या बाईएवढं मोठं माणूस मी पाहिलेलं नाही.

दिवे लागले तेव्हा मिलकाबाई आमटीत भाकर कुस्करून खात होत्या, आणि एलायझरकाका चटणीत लसूण कसा जास्त मागायचे ते सांगत होत्या. वच्छलाबाई “हो काय” एवढंच म्हणत होत्या.

सोमवारी सकाळी, रीतीप्रमाणे, सिपोराबाई माझ्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, “ऊठ, मिलका.” सातव्या दिवशी असं म्हणून माणसाला उठवतात आणि घराबाहेर एक फेरी मारून आणतात. एका बाजूला सिपोराबाई, दुसऱ्या बाजूला वच्छलाबाई, अशा तिघी राजापेठेच्या गल्लीतून सावकाश चालत गेल्या. शिकवणीला निघालेल्या एका पोराने मागून गाडीचा हॉर्न वाजवला. वच्छलाबाईंनी वळून असं काही पाहिलं की त्याने गाडीच बंद केली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू जपा असं सगळे सांगतात, मीही सांगते, पण माझं खरं मागणं वेगळं आहे. कोणाच्या घरी दुःख झालं की तुम्ही म्हणता, काय बोलावं सुचत नाही, म्हणून गेलो नाही. न सुचलेलंच बरं. तसेच जा. खाली बसा आणि तोंड मिटून ठेवा. बोलायचं तुम्हाला नसतंच. बोलायचं असतं त्या घरातल्या माणसाला, आणि ते कधी बोलेल याचा नेम नाही, तेव्हा उठायची घाई करू नका.