अक्झोरियस

शालनच्या डाव्या हाताला प्लास्टर होतं. उजव्या हाताने तिने कागद कुंडलिकच्या टेबलावर सरकवला आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"काका, हे काय लिहिलंय? आमच्या वकीलबाईपण अडल्या इथे."

कागद तिच्या नवऱ्याचा होता, साईनाथचा. मारहाण करणाऱ्या नवऱ्याला मोहने गावातल्या घरात पाऊल टाकू देऊ नका, असा अर्ज शालनने कल्याण कोर्टात केला होता. त्यावर त्याच्या वकिलाने दिलेलं हे इंग्रजी म्हणणं. दुपारी आदेश होणार होता, आणि त्याआधी तिला आपलं प्रतिज्ञापत्र टाइप करून हवं होतं.

कुंडलिकला शब्द वाचावाच लागला नाही. कोर्टाबाहेर तीस वर्षं टायपिंग करणारा हा गृहस्थ इंग्रजी शब्दांचा भलता शौकीन. शहाडच्या घरी तीन डिक्शनऱ्या, आणि अंगात छाप पाडायची खोड. मागच्या आठवड्यात साईनाथचा तो वकील म्हणालेला, "बायकोवर जीव टाकणारा, याला एखादा वजनदार शब्द द्या की." याने खुशीत देऊन टाकला. कुणाचा नवरा, कसला नवरा, काही विचारलं नाही.

"अक्झोरियस," तो खाली मान घालून म्हणाला. "मूळ लॅटिन. उक्सोर म्हणजे बायको. त्यावरून, बायकोवर अतोनात प्रेम करणारा. तिच्या मुठीत असलेल्या माणसाला इंग्रज लोक जरा थट्टेनेही म्हणतात."

"म्हणजे त्या शब्दात मीच आहे."

"हो."

"कुकरच्या झाकणानं हात मोडला माझा. मग पोरीसमोर गळा दाबला. ते कुठल्या शब्दात येतं?"

कुंडलिकला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो काही बोलणार तेवढ्यात मागून साईनाथ आला आणि त्याने शालनचे केस धरून तिचं तोंड टेबलावर आपटलं. एकदा, दोनदा. प्रिंटर खाली पडला. भोवतालची माणसं, काळे कोटसुद्धा, नुसती बघत राहिली. साईनाथने तिचा प्लास्टरचा हात पिरगाळला तशी ती गुरासारखी ओरडली. कुंडलिक मध्ये पडला, तर ठोसा त्याच्या तोंडावर बसला.

"ए म्हाताऱ्या, बायको आहे माझी. तुला काय करायचंय?"

त्याने कुंडलिकला आणखी दोन लाथा घातल्यावर गेटवरचे पोलीस धावत आले आणि त्याला फरफटत घेऊन गेले.

शालनने नाकाला ओढणी लावली. कुंडलिक थुंकला, तर रक्तात एक दात होता.

"पोरी, तो शब्द मीच दिलेला त्यांना."

तिने ओढणी नाकावरून खाली घेतली.

"एवढं शिकलात काका. एकदा विचारायचं तरी, कोणाबद्दल लिहिताय ते."

त्याने कीबोर्ड पुढे ओढला आणि सवयीने सुरुवात केली: सदर गैरअर्जदार हा अत्यंत क्रूर व अमानुष...

"ते नको," शालन म्हणाली. "मी सांगते तेवढंच लिहा. तो मला मारतो."

कुंडलिकने आधीची ओळ पुसली.

"लिहिलंत?"

"लिहिलं," तो म्हणाला, आणि पुढचं ऐकायला थांबला.