रुजू झाल्याची तारीख

कॉलरचं टोक उलटवताना हात कुणाला दिसू नयेत म्हणून विमलाबाई पदर पुढे ओढून घेत. भाईंदर पूर्वेच्या त्या गाळ्यात शर्टांच्या कॉलरी अकरा वर्षं त्याच शिवत होत्या. बाकीच्या अकराजणी बाह्या, खिसे, काजं करीत. शिवतानाच टोकात एक दोरा अडकवून ठेवायचा आणि मग हलकेच ओढायचा, की कोपरा नेमका बाहेर येतो. गुपित एवढंच. पण आपली खुर्ची त्या दोऱ्यालाच बांधलेली आहे, असं त्यांना वाटे.

म्हणून २००७च्या जूनमध्ये गाळ्यात सरकारी प्रशिक्षण आलं, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांच्या मनात संशय उतरला आणि धुरासारखा कोपऱ्याकोपऱ्यांत साचत गेला. लहान उद्योगांतल्या कामगारांना शिकवण्याचा खर्च सरकार देणार होतं. शिकवायला आलेले, गळ्यात स्टॉपवॉच अडकवलेले रोशन सर म्हणाले, "प्रत्येकीला प्रत्येक काम यायला हवं."

"म्हणजे कुणावाचून काही अडायला नको," विमलाबाई पुटपुटल्या.

कॉलर शिकायला त्यांच्या शेजारी रसिकाला बसवलं. रसिका बारावी झालेली, दोन वर्षांपासून खिसे लावणारी.

"मावशी, तुमचं टोक असं कसं निघतं?"

"हाताला सवय लागते."

"हात तर पदराआड असतो. मग मी पदरालाच विचारते!"

सगळ्या हसल्या. विमलाबाई हसल्या नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी रसिकाची एकेक हालचाल टिपायला सुरुवात केली. ती रोशन सरांशी हळू आवाजात काय बोलते? मालकीणबाईंच्या, हंसाबेनच्या, टेबलावरचे कागद डोकावून का वाचते? काशीगावच्या खोलीत परतल्यावरही रसिकाची ती चपळ बोटं त्यांच्या मिटल्या डोळ्यांपुढे चालत राहत, न थकता, न अडखळता.

तीन महिने संपले. दुसऱ्या दिवशी अधिकारी तपासणीला येणार होते. हंसाबेननं कटिंगच्या टेबलावर प्रशिक्षण घेतलेल्यांची इंग्रजीतली यादी पसरली आणि एकेकीला सहीसाठी बोलावलं. विमलाबाईंनी पेन उचललं, तशी रसिका कानाशी वाकली.

"मावशी, सही करू नका."

"का गं?"

"तुमची रुजू झाल्याची तारीख जून २००७ लिहिलीये. सगळ्यांचीच. आपल्याला नवीन दाखवलंय."

हाच तो डाव, विमलाबाईंना वाटलं. मी सही करणार नाही, माझं सर्टिफिकेट जाईल, खुर्ची हिची होईल. त्यांनी पेन टेकवलं. मग नजर यादीवरून खाली घसरली. दहाजणींच्या सह्या होत्या. रसिकाच्या नावापुढचा चौकोन कोरा होता.

पेन उचललं गेलं.

"हंसाबेन, मी इथे कधी लागले?"

"अरे विमलाबाई, ये तो फॉर्मॅलिटी छे! योजनाच नवीन कामगारांसाठी आहे, तर मी काय करू? तुम कितने साल से हो, मेरे को मालूम नहीं क्या?"

"उद्या तुम्ही म्हणालात, बाई जूनमध्ये आली, तर माझ्या अकरा वर्षांचं मी कुणाला काय दाखवू?"

हंसाबेननं आवाज चढवला; तो विमलाबाईंसाठी नव्हता. "एक सही राहिली ना, तर सगळ्यांचं सर्टिफिकेट जाणार!"

मशिनी थांबल्या. दहा चेहरे वळले.

"आम्ही केली ना सही?" सुलू बाह्यांच्या ढिगाऱ्यामागून म्हणाली. "तुमचंच काय असं मोठं?"

"काय लिहिलंय ते वाचलंस?"

"इंग्रजी कोण वाचणार?"

विमलाबाईंनी यादी रसिकापुढे सरकवली. तीन महिन्यांत त्या तिच्याकडे पहिल्यांदाच सरळ पाहत होत्या. "वाच गं. मोठ्यानं. एकेकीचं."

"सुलू. रुजू, चार जून २००७. अनुभव, नाही."

सुलूच्या मांडीवरची बाही खाली पडली. "अनुभव नाही? माझा पोरगा चौथीत आहे. तो पोटात होता, तेव्हा लागले मी इथे."

हंसाबेनचा हात यादीकडे आला. त्याआधीच विमलाबाईंनी आपला तळवा कागदावर ठेवला होता.

"पुढचं वाच," त्या म्हणाल्या.