अल्टरचा पक्षी

रविवारची दुपार, जेवणं उरकलेली, आणि चेकरबाईंना आडवं व्हायचं होतं. बस, एवढंच. माणसाच्या मागण्या तरी किती लहान असाव्यात! आठवडाभर कपड्यांच्या कारखान्यात टेबलापाशी उभं राहून शर्ट तपासायचे. कॉलर, खिसा, काजं, बटणं, मग शर्ट उलटा करून पुन्हा पहिल्यापासून. पायांचे तुकडे पडतात, डोळ्यांच्या खाचा होतात. शनिवारी परतताना त्या बसमध्ये उभ्याउभ्या झोपतात, खोटं वाटत असेल तर कंडक्टरला विचारा. पण आज झोपायची सोय नव्हती. आज लेकीबरोबर, खारूबरोबर, पानांची चित्रं करायची होती.

झालं होतं असं, की परवा शाळेत पालकांना बोलावलं होतं. पानगळीचे दिवस, म्हणून वर्गात दोरी बांधून मुलांनी वाळक्या पानांचं जे जे केलं ते ज्याच्या त्याच्या नावाच्या चिमट्याला टांगलं होतं. पिवळ्या पानांचे मासे, लाल पानांची घुबडं, एका पठ्ठ्याने तर नुसती मिशीच केली होती. चेकरबाईंची नजर सवयीने दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. खारूच्या चिमट्याला काहीच नव्हतं.

"ती हातच लावत नाही हो," शिक्षिका म्हणाल्या. "कागद दिला की म्हणते, चुकेल. नुसती बसून राहते. गेल्या वर्षी अशी नव्हती. घरी जरा बसाल का तिच्याबरोबर?"

घरी जरा बसाल का! अहो, बसायला कोण नको म्हणतंय? पण तो रिकामा चिमटा काही चेकरबाईंच्या डोळ्यांपुढून हलेना. सहा वर्षांची पोर, हिने आत्तापासून चुकायला घाबरायचं? आज हात आखडतेय, उद्या तोंड उघडायची नाही. छे! या रविवारी पोरीचा हात मोकळा करायचाच, झोप गेली खड्ड्यात, असं त्यांनी ठरवून टाकलं.

खारू हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. दिसेल ते खिशात कोंबायची सवय, म्हणून आजोबांनी ठेवलेलं. आजोबा म्हणजे चेकरबाईंचे सासरे, त्यांना घरात सगळे आबा म्हणतात. चेकरबाईंचा नवरा लांबच्या गाड्यांवर ड्रायव्हर, तेव्हा घरात बहुतेक वेळ ही तिघंच. सकाळी आजोबा-नातीने खालच्या रस्त्यावरून पिशवी भरून पानं आणली होती. चेकरबाईंनी जमिनीवर जुनी चादर अंथरली, मैद्याची खळ शिजवली, आणि शर्टाच्या घडीत घालतात ते पुठ्ठे काढून ठेवले.

"काय करायचं गं?" त्यांनी विचारलं.

"तू सांग."

"मी कशाला? तुझी पानं, तू सांग."

"तू सांग ना."

"बरं बाई. पक्षी करू."

खारूने कात्री घेतली. पोरगी कापायला लागली, आणि चेकरबाईंना हायसं वाटलं. पुठ्ठ्यातून पोट निघालं, चोच निघाली. मग पानं चिकटवायची.

"हां, शाब्बास. शेपटीपाशी जरा हळू. खळ थोडीच घे, वर येते बघ." असं म्हणता म्हणता त्यांचा हात पुढे गेला आणि शेपटीचं पान सरळ झालं. मग डावा पंख. मग उजवा पंख, डाव्याच्या रेषेत. हात गेला कधी, आला कधी, त्यांचं त्यांना कळलं नाही.

"अगं सूनबाई," आबा खुर्चीतून म्हणाले, "पक्षी आहे तो. त्याला काय कॉलर बसवायचीय?"

"आबा, मी काही बोलले का?"

"तू कुठे बोललीस? तुझे हात बोलतायत."

चेकरबाई हसल्या. या घरात कारखान्यावरून थट्टा नेहमीचीच. तिथे शिलाई चुकलेला शर्ट दुरुस्तीला परत पाठवतात, त्याला अल्टरला टाकणं म्हणतात. तो शब्द त्यांच्यामागून घरी आला आणि ठाण मांडून बसला. दूध उतू गेलं की अल्टर. आबांची दाढी एका गालावर राहिली की, "आबा अल्टर!" खारूच्या वेण्या, खारूचे बूट, खारूचं अक्षर, सगळं अल्टर. हसायचे सगळे. खारूही हसायची.

खळ घट्ट झाली म्हणून चेकरबाई ती सैल करायला आत गेल्या. गॅसपाशी उभ्याउभ्याच क्षणभर डोळा लागला, मग दचकून भांडं उचलून बाहेर आल्या. बघतात तो खुंटीवरचा त्यांचा कामाचा एप्रन चादरीवर पडलेला, आणि त्याच्या खिशातली लाल बाणांची पट्टी खारूच्या हातात.

ते बाण म्हणजे चिकटणारे इवलेसे कागद. शर्टात जिथे चूक असेल, तिथे टोक करून लावायचे, म्हणजे दुरुस्त करणाऱ्याला शोधत बसावं लागत नाही. खारूने ते पक्ष्याला लावले होते. चोचीवर, पोटावर, दोन्ही पंखांवर. पक्ष्यापेक्षा बाणच जास्त दिसत होते.

"हे काय गं?"

"चेकिंग," खारू म्हणाली. "हे वाकडं आहे. हे बाहेर गेलं. इथे खळ वर आली. मीच लावले सगळे. तू दमतेस ना."

चेकरबाईंनी भांडं खाली ठेवलं.

"अल्टरला टाकू?" खारूने विचारलं.

"नाही गं बाई! कशाला टाकायचा? छान झालाय. पास आहे, एकदम पास!"

खारूने मान वर करून आईकडे पाहिलं. "मग शेपटी का सरळ केलीस?"

चेकरबाई खाली बसल्या आणि बाण काढायला लागल्या. खळ ओलीच होती. पहिल्या बाणाबरोबर पंखाचं पानही फाटून वर आलं. त्यांना स्वतःचाच राग आला. दिवसभर लोकांच्या चुका शोधून शोधून हे घेऊन आलो आपण घरी? पोटच्या पोरीसाठी हे?

"फाटलं," खारू म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, फक्त नोंद होती.

"दुसरा करू. हे बघ, मी हात मांडीखाली घेते. एक शब्द बोलणार नाही. तुला हवा तसा कर."

खारूने नवीन पुठ्ठा घेतला. एक काप मारला आणि आईच्या तोंडाकडे पाहिलं. दुसरा मारला, पुन्हा पाहिलं. चेकरबाईंनी चेहरा जितका म्हणून सपाट ठेवता येईल तितका ठेवला. पण कात्री वाकडी गेली आणि मेली भुवई हललीच. हात बांधता येतात, भुवईला काय बांधणार?

खारूने कात्री खाली ठेवली. "आई, तू झोप ना."

"का गं?"

"तू झोपलीस की मी करते."

चिडून नव्हे, अगदी समजुतीने म्हणाली. चेकरबाईंनी आबांकडे पाहिलं. आबा उगाच चष्मा पुसायला लागले.

"आबा?"

"करते गं ती," आबा हळूच म्हणाले. "तू कामावर असतेस तेव्हा करते. तासन् तास. तू यायची वेळ झाली की उचलते आणि केरात टाकते. मला म्हणाली, आईला सांगू नका."

"मग शाळेत का नाही करत राणी?"

"तिथे टांगतात," खारू म्हणाली. "तू येतेस ना बघायला."

चेकरबाईंना रडू आलं, पण रडलं तर पोरगी घाबरेल, म्हणून त्यांनी ते गिळलं. "बरं," त्या म्हणाल्या, "झोपते मी." आणि तिथेच चादरीच्या कडेला आडव्या झाल्या, डोळे मिटले.

आठवडाभर ज्या झोपेसाठी जीव टाकला होता, ती आता कुठे येणार? कात्री थांबलीच होती. मग चेहऱ्याजवळ उबदार श्वास आला आणि खळीने चिकट झालेलं एक बोट त्यांच्या पापणीला लागलं.

"आई? झोपलीस?"

त्यांनी हूं की चूं केलं नाही.

"झोपली गं," आबा म्हणाले.

मग कात्री चालू झाली. न थांबता. पानं चुरचुरली, खळीचं भांडं सरकलं. खारू काहीतरी गुणगुणायला लागली. त्या नसताना या घरात रोज हा आवाज होत होता.

"आबा, याला तीन पाय लावू?"

"लाव की. पाच लाव."

"आणि शेपटी डोक्यावर!" आणि खारू हसली. पोट धरून, खिदळून, आबा हसू नका म्हणत हसली.

चेकरबाईंना तो पक्षी बघायचा होता. झोपही कधी इतकी हवीशी वाटली नव्हती, इतका बघायचा होता. त्यांनी पापण्या घट्ट आवळल्या आणि झोपलेल्या माणसासारखा संथ श्वास घेत पडून राहिल्या.