महानंदानं धरलेला हात

सवतीशी भांडायची मला कधी संधीच मिळाली न्हाई. मी या घरात आले तवा महानंदाला जाऊन वर्ष झालं होतं. शेतात बांधाकडंला तिची समाधी, आन् घरात सहा वर्षांची तिची पोरगी, शिवांगी. पहिल्याच दिवशी पोरीनं विचारलं, "तुला काय म्हणू?" मी म्हणलं, मावशी म्हण. तेरा वर्षं झाली, मावशीच म्हणती. तिचं न्हाणं-धुणं, दुखणं-खुपणं, शाळा, सगळं मीच बघितलं. कुणी 'सावत्र' म्हणलं की माझं टाळकं सरकतं, आधीच सांगून ठेवते.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनची रास चालू होती. शिवांगी लातूरला वसतिगृहात राहून बीएस्सी करती, ती सुटीत गावाकडं आली होती. आमचं गाव शिरूर अनंतपाळपासून दोन कोसांवर. मजूर कमी पडले. मीच तिला म्हणलं, "मोबाइल काय बघून राहिलीस, चल, यंत्रात टाकू लाग जरा." तासाभरात तिचा डावा हात मळणी यंत्रात गेला. लातूरच्या डाक्टरांनी कोपराच्या खाली चार बोटांवर कापला. कापलेला हात त्यांनी पांढऱ्या फडक्यात गुंडाळून माझ्या मालकाच्या, सिद्रामप्पाच्या, हवाली केला. त्यांनी तो कुठं पुरला ते मी विचारलं न्हाई.

जखम सुकली. व्यायाम घेणारी डाक्टरीणबाई म्हणली, "गेलेला हात दुखतोय असं तिला वाटेल. घाबरू नका, मेंदूला अजून कळलेलं नसतं. उरलेला हात रोज चोळायचा, कोपर हलवायचं. कोपर एकदा आखडलं, तर नांदेडला बसवायचा कृत्रिम हात तिच्या काही कामाचा राहणार नाही." मी सगळं ध्यानात ठिवलं. आता पोरगी दुखतंय म्हणून रडंल, मग मी चोळंल, असं मनाशी धरून बसले. पण पोरगी रडंना. तिला दुखतच नव्हतं.

"कसं वाटतंय गं?"

"बरं हाय. धरलाय की."

"काय धरलाय?"

"हात. कुणीतरी हातात धरून बसलंय. थंड लागतं, पण बरं वाटतं."

डाक्टरीण म्हणली तसलंच काही असंल, अशी मी मनाची समजूत घातली.

पण ती चोळू देईना. मी तेल घेऊन बसले की अंग चोरायची. म्हणायची, "नको मावशी, सुटंल." आमच्या लिंगायतांत इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतात. ती सकाळी आंघोळ करून बसायची, आन् जिथं तळहात असायला पायजे तिथं, मोकळ्या हवेत, उजव्या हातानं इभूत लावायची. ती सगळी मांडीवर सांडायची.

"शिवांगी, खाली सांडून राहिली ती."

"न्हाई. हातात हाय. तुला दिसत न्हाई."

संक्रांतीपर्यंत ती निम्मी झाली. दोन घासांवर उठायची, दिवसभर झोपायची. झोपेत तोंडावर हसू. मी म्हणते, हसू बघून कुणाला भ्या वाटावं? मला वाटायचं. कोपर आखडत चाललं होतं. कालेजाचं नाव काढलं की कूस बदलायची. एक दिवस भाकरीचं ताट सरकवून ती अगदी साध्या आवाजात म्हणली, "मावशी, ती आता वढून राहिली मला."

मी ताट तसंच ठिवलं आन् गोठ्यात जाऊन मालकाला गाठलं. "हात कुठं पुरला?"

ते वैरणीची पेंडी सोडत म्हणले, "एकटा कसा ठिवायचा गं हात? महानंदाशेजारी ठिवला."

"आन्?"

"इभूत लावली. बेल ठिवला. मीठ घातलं."

"मेलेल्या माणसाचं करतात तसं सगळं केलं?"

"हाव."

मी कपाळावर हात मारून घेतला. जितीजागती पोरगी, आन् बापानं सगळे विधी करून तिचा हात मेलेल्या आईच्या हातात नेऊन दिला. मायेपोटी केलं होतं, त्या माणसाला शिव्या तरी काय द्यायच्या. तरी दिल्या मी. ते रडायला लागले, म्हणले, उकरून काढू का. मी म्हणलं, माती झाली असंल त्याची, काय उकरता. तुम्ही पोरीजवळ बसा. महानंदाशी मीच बोलते.

भर दुपारी गेले. हरभरा निघालेला, रान मोकळं, पायाला चटके बसत होते. समाधीजवळ पोचले आन् बाभळीवरचा कलकलाट थांबला. तिथली माती ओली होती. त्या अंगाला आम्ही पाणी दिलेलं नव्हतं. मी फतकल मारून बसले.

"महानंदा, मी सिंधु. तुझ्या घरात नांदते ती. पोर भ्याली असंल, तिचा हात तुझ्याजवळ आला, तू धरलास. मी असते तर मीबी धरला असता. पण बाई, तू तिला नेतीस कुठं? तिथं काय हाय? एकोणीस वर्षांची हाय ती. तू जन्म दिलास, तुझा हक्क मोठा, मी कधी न्हाई म्हणलं? यंत्रावर तिला मीच बोलावलं. राग असंल तर माझ्यावर काढ. तिला सोड. दुखंल तिला, दुखू दे. दुखणं मी बघते."

काहीच झालं न्हाई. वारासुद्धा न्हाई. मला रडू फुटलं आन् रागबी आला.

"एकटीला करमत नसंल तर माझा धर," मी म्हणलं, आन् डावा हात मातीवर पालथा ठिवला.

माती गार होती. मग त्या गारव्याला बोटं आली. एकेक करून ती माझ्या बोटांत शिरली आन् मिटली. मी ओरडले न्हाई. मी म्हणलं, "बरं." आन् हात उचलून घराकडं निघाले. बोटं माझ्यासंगं आली.

गल्लीच्या तोंडाशीच शिवांगीचं किंचाळणं ऐकू आलं. मालक दारात उभे होते. पोरगी जमिनीवर लोळत होती.

"मावशी, सोडलं तिनं मला. लई दुखतंय गं. बोटं जळून राहिली माझी, बोटं न्हाईत तरी जळून राहिली."

तीन महिन्यांत पहिल्यांदा रडली. मी तिचा उरलेला हात मांडीवर घेतला, तेल लावलं, चोळत बसले. तिनं काढून घेतला न्हाई. "रड," मी म्हणलं, "मी हाय." दिवस मावळायच्या वक्ताला कोपर बोटभर हललं.

तिथून पुढं चार महिने रोज रडली, रोज चोळलं. जेठात नांदेडला माझ्या भावाकडं राहून हात बसवून आणला. आता परत कालेजला जाती. वसतिगृह नको म्हणली, गावाहून एस्टीनं जाऊन-येऊन करती. साडेसहाला उतरती.

माझा डावा हात तवापासून रात्रंदिवस गार असतो. मालक म्हणतात, डाक्टरला दाखव. मी त्यांना काही सांगितलं न्हाई. एरवी ती नुसती धरून असती, सैल. सातपर्यंत एस्टी आली न्हाई की बोटं आवळायला लागतात, हाडापर्यंत कळ जाती. मग मी कामं टाकून उंबऱ्यावर येऊन बसते. म्हणते, "येती गं महानंदा. मीबी वाटच बघून राहिले."