विहिरीतली वीट

छायाने रफू केलेल्या शालूत भोक कुठं होतं ते शोधायला साड्यांच्या दुकानातले शेठ स्वतः उजेडात जाऊन बसत आणि हरून परत येत. पंचवटीत तिच्या हाताचं नाव होतं. ती मात्र म्हणायची, हात सगळ्यांनाच असतात, काम डोळ्यांचं. तुटलेल्या धाग्याचं टोक एकदा दिसलं की सुई आपली आपण पुढं जाते. अशा बाईचा धाकटा भाऊ गोरक्ष पहिल्या नंबरचा धांदरट निघावा, याला काय म्हणावं! दिवसा तो कॉम्प्युटर क्लासमध्ये टायपिंग शिकवायचा आणि उरलेल्या वेळात घरच्या कॉम्प्युटरवर स्वतःचा गेम बनवत बसायचा. तो कॉम्प्युटरही ताईच्या रफूच्या कमाईतूनच आलेला.

गेम जुन्या धर्तीचा होता. दोन हजार पाच साल, गल्लीतली पोरं सायबर कॅफेत बंदुका घेऊन धावत होती आणि हा पठ्ठ्या चौकोनी ठिपक्यांचा एक मशालवाला काढून त्याला किल्ल्याच्या भुयारात उड्या मारायला लावत होता. लहानपणी टीव्हीला जोडायच्या कॅसेटवर दोघं असलेच गेम खेळायचे. म्हणजे ताई खेळायची आणि हा मांडी घालून बघायचा. या खेळांची एक रीत असते. नकाशा हातात मिळत नाही, आपणच फिरून डोक्यात ठेवायचा. एखादा दरवाजा आधी उघडतच नाही. दुसरीकडं भटकावं, नवं कसब मिळवावं, मग परत यावं, की उघडतो. मधूनमधून दिवा असतो, त्याला हात लावला की तिथवरचा खेळ जपला जातो. आणि सगळ्यात मोठी रीत अशी, की खेळ कितीही छळेल, पण कोंडून घालणार नाही. "वाट असतेच रे, आपल्याला दिसत नाही एवढंच," असं ताई तेव्हा छोट्या गोरक्षला सांगायची.

दिवाळी झाल्यावर भाजीबाजारापाशी एका रिक्षाने छायाला उडवलं आणि तिचा पाय प्लास्टरात गेला. हातात काम नव्हतं तेव्हा तिने भावाचा गेम खेळायला घेतला. गोरक्ष फुशारून म्हणाला, "ताई, कोपरान् कोपरा तपासलाय मी. एक चूक काढून दाखव!" ताईने चूक काढली नाही. आल्यागेल्याला कौतुकाने गेम दाखवत ती खेळत राहिली, आणि एके दिवशी तिचा मशालवाला कोरड्या विहिरीत पडला.

दुपारी जेवायला आलेल्या गोरक्षने पडद्याकडं पाहिलं आणि ताट घेऊनच तो पुढं सरकला. विहिरीतून वर यायला उंच उडी लागत होती. ते कसब होतं वरच्या बुरुजात. आधी बुरूज, मग विहीर, असा त्याचा हिशेब. बुरूज सोडून कुणी आधी डावीकडं वळेल हे त्या शहाण्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. वर हौसेने विहिरीच्या तळाशी त्याने दिवाही ठेवला होता, आणि ताईने त्याला हात लावला होता. आता खेळ सुरू केला की मशालवाला विहिरीतच उभा राहायचा.

"पहिल्यापासून सुरू कर ना," तो म्हणाला.

"का म्हणून? वाट असताना मी मागं जाऊ?"

चूक झाली असं तेव्हाच म्हणाला असता तर गोष्ट तिथंच मिटली असती. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. तो भात कालवत राहिला.

छाया रोज शोधू लागली. प्रत्येक विटेवर उडी मारून बघायची, प्रत्येक भिंतीला धडका द्यायची. आई भाजीची पाटी विकून घरी यायची तर लेक अजून विहिरीतच. आई, सिंधुबाई, वैतागायची. "आगं, त्यानंच केलाय ना, मग त्यालाच इचार की!" छाया हसून म्हणायची, "विचारलं तर मजा काय राहिली? त्याने ठेवलीये कुठंतरी." हे ऐकताना गोरक्षला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ताईला शोधायचा कंटाळा नव्हता, त्यालाच ते बघवेना. घरात यायची वेळ तो लांबवायला लागला.

शेवटी प्लास्टर काढायला आई तिला दवाखान्यात घेऊन गेली, तेवढ्यात त्याने विहिरीच्या भिंतीत पायरीसारखी एक वीट बसवली. नुसती बसवली असती तरी चाललं असतं. पण ती नवी दिसू नये म्हणून त्याने तिचा रंग भिंतीपेक्षा केसभरच वेगळा ठेवला. नजर चुकून जावी अशी वीट. पहिल्यापासून इथंच होती आणि दिसली नाही, असं वाटावं म्हणून. मग जुनी फाइल पुसून त्याच जागी नवी ठेवली आणि सुटलो एकदाचा म्हणून चहा टाकला.

संध्याकाळी छाया ओरडली, "सापडली!" मशालवाला विहिरीबाहेर उभा होता. गोरक्षने टाळ्या वाजवल्या, चांगल्या जोरात वाजवल्या. छाया हसली, मग पडद्याजवळ तोंड नेऊन बघत राहिली.

"इथंच होती ही?"

चोराच्या मनात चांदणं. "म्हणजे काय! दुसरीकडं कुठं असणार?" तो म्हणाला.

"इथून तर मी रोज गेलेय," ती म्हणाली. 

आठवडाभरात शेठनी लग्नाचा एक शालू पाठवला. उंदराने पदर कुरतडला होता. छायाने तो मांडीवर पसरला, जरा वेळ पाहिला आणि घडी घालून ठेवला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ती डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जाऊन आली.

"काय म्हणाले?" गोरक्षने विचारलं.

"नंबर नाही म्हणाले. डोळे स्वच्छ आहेत." ती चपला काढत म्हणाली. "तेच तर वाईट. डोळ्यांना चष्मा तरी मिळतो. समोरची वीट महिना महिना दिसत नाही म्हणजे माझं लक्षच गेलंय. लोकांच्या लग्नाच्या वस्तू या, चुकीचा धागा उचलला तर कुणाला तोंड दाखवू?"

आता मात्र गोरक्ष थांबला नाही. विहीर, बुरूज, दिवा, दवाखान्याचा दिवस, विटेचा रंग, सगळं भडाभडा सांगून टाकलं. सांगताना रडला. "तुझी नजर चांगली आहे ताई. ती वीट तिथं नव्हतीच. मी खोटं बोललो."

छायाने त्याला जवळ ओढलं आणि त्याच्या केसांतून हात फिरवला. "कळतं रे मला. माझं मन राखायला सांगतोयस."

"नाही! थांब, दाखवतो." त्याने कॉम्प्युटर लावला, तिच्यासमोर वीट काढली, मशालवाल्याला विहिरीत टाकून उड्या मारायला लावल्या. "बघ, नाही निघता येत!"

"आत्ता काढलीस म्हणून नाही येत. आधी नव्हती हे त्यातून कसं कळणार?"

जुनी फाइल त्याने स्वतःच पुसली होती. दाखवायला त्याच्याकडं काहीच नव्हतं.

"आणि चुकलाच असतास तर त्याच दिवशी सांगितलं असतंस," छाया म्हणाली. "मला शोधताना बघत महिनाभर बसला असतास होय? एवढा दुष्ट नाहीस तू. मी वाढवलंय तुला."

ताई उठली. जरा लंगडत कपाटापाशी गेली, शालू पिशवीत घातला आणि पिशवी त्याच्या हातात दिली.

"क्लासला जाताना दुकानात दे. शेठना सांग, बारीक काम आता नका पाठवू म्हणावं. फॉल-पिको असेल तर करीन."

गोरक्षने पिशवी घेतली.