कवडीला ऊन दाखवले

मी एक जुना हंडा आहे. पाण्याचा नव्हे, मित्रांनो. माझ्या पोटात द्रव नायट्रोजन असतो, आणि त्याच्यापुढे तुमचा बर्फाचा गोळासुद्धा गरमागरम म्हणायला हवा. दूरच्या एका कारखान्यात मला घडवले. बाहेरची ऊब आत शिरू नये म्हणून मला एकात एक अशा दोन भिंती दिल्या आणि मधली हवा काढून घेतली. मग टेम्पोत आदळत-आपटत मी किन्हवलीच्या पलीकडच्या एका गावात, गुरांच्या दवाखान्यात आलो. 'कंटेनर' म्हणायचे कष्ट इथे कोणी घेतले नाहीत. 'थंडीचा हंडा' हेच नाव मला चिकटले.

सुरुवातीला माझे काय कौतुक होते! चांगल्या वळूंचे गोठवलेले बीज माझ्यात राही आणि गावोगावच्या गाईंना त्यापासून वासरे होत. पुढे नवे चकचकीत हंडे आले. माझा रंग उडाला, एक कान वाकला आणि मी कोपऱ्यात गेलो. तिथेच कवडी माझ्याकडे आली.

कवडी ही जयरामची घोडी. अंगावर कवड्यांसारखे पांढरे ठिपके, म्हणून कवडी. मुरबाडपर्यंतचे नवरदेव तिच्या पाठीवर बसले. बँड कानाशी वाजो की फटाके पायाशी फुटोत, ती हलत नसे. जयराम खाकरला की मगच पाऊल टाकी. लाडात आली की मात्र त्याच्या बोटाला हळूच चावा घेई.

ती म्हातारी झाली तेव्हा डॉक्टर सारिकाबाईंनी तिच्या कानाचा नखाएवढा तुकडा काढून एका संशोधन संस्थेत पाठवला. तिथे त्यातल्या जिवंत पेशी वाढवून काचेच्या एका कुपीत गोठवल्या. अशा पेशींपासून दुसऱ्या घोडीच्या पोटी हुबेहूब तसेच शिंगरू जन्माला घालता येते. त्यालाच क्लोन म्हणतात. पण संस्थेने तेव्हा नावाजलेल्या जातींचेच काम हाती घेतले होते आणि आमची कवडी पडली गावठी. तिची कुपी परत आली. बाईंनी ती जपून माझ्या पोटात ठेवली. थोड्याच दिवसांत कवडी गेली. आता जगात तिचे जिवंत असे जे काही उरले होते, ते माझ्यात होते.

"शिंगरू मला वळखंल का हो, बाई?" जयरामने विचारले होते.

"दिसेल कवडीसारखंच. पण ओळख नव्यानं करून घ्यावी लागेल."

"करीन ना. मना काय, टाइमच टाइम हाय."

त्याने दुसरी घोडी घेतली नाही. बाजाराच्या दिवशी येऊन माझ्या वाकड्या कानावरून हात फिरवी आणि जाताना न चुकता खाकरे. खोटे कशाला सांगू, मी त्या खाकरण्याची वाट पाहत असे.

मग दसरा आला. त्या दिवशी आपल्याकडे हत्यारे-अवजारे पुजतात, तसे शिपाई गोमाने दवाखान्यातले सगळे सामान पुजले. माझ्या गळ्यात झेंडूची माळ घातली. सारिकाबाई माहेरी गेल्या होत्या. तेवढ्यात जयराम आणि त्याची बायको धोंडूबाई ओवाळणीचे ताट घेऊन आली. दसऱ्याला कवडीला ओवाळल्याशिवाय त्या घरात कोणी घास घेतला नव्हता.

"झाकण काढायचा नाय, बाई सांगून गेल्यात," गोमा चाचरत म्हणाला.

"अरं, सणाच्या दिवशी तरी!" धोंडूबाई कळवळली. "लेकरू आतमधी कुडकुडत असंल रे. घटकाभर उनात घेऊ, कुकू लावू, परत ठेवू. आमी काय तिचा वाईट करू?"

गोमाला नाही म्हणवले नाही. झाकण निघाले. मी धुराचे लोट सोडले. ओरडण्याचा तेवढाच मार्ग मला ठाऊक होता. धोंडूबाईने त्या धुराला हात जोडले. जयरामने कुपी बाहेर काढली आणि थंडीने त्याचे बोट पोळले.

"चावली गो, चावली!" तो लहान मुलासारखा हसला. "तशीच हाय अजून!"

उंबऱ्यावर कोवळे ऊन आले होते. तिथे पाट मांडून त्यांनी कुपीला कुंकू लावले, अक्षता वाहिल्या, निवांत ओवाळले. काचेवरचे दव गालावरून ओघळावे तसे ओघळत होते. धोंडूबाईने ते पदराने पुसले, त्याबरोबर कुंकूही पुसले गेले. आणि मग, अगदी सांभाळून, कुपी परत माझ्यात ठेवली.

दूध नासले तर वास येतो, मित्रांनो. गोठलेल्या पेशी अशा उन्हात वितळून मेल्या तर वाससुद्धा येत नाही. कुपी पुन्हा गोठली, होती तशी दिसू लागली. काय झाले ते त्या तिघांना कळले नाही आणि कुंकू पुसलेले असल्यामुळे बाईंनाही कळले नाही. मला कळले होते. पण मला तोंड आहे ते नुसते झाकण लावण्यापुरते.

गेल्या आठवड्यात संस्थेचा फोन आला. आता गावठी घोड्यांचेही काम सुरू होणार, पहिली कुपी कवडीची. बाईंनी लगेच जयरामला निरोप धाडला. काल गाडी येऊन ती कुपी घेऊन गेली. जयराम गाडीमागे फाट्यापर्यंत चालत गेला आणि परत येऊन माझ्याशेजारी बसला.

"गोठा सारवाया घेतलाय," तो मला म्हणाला. "दावणीची मेख जरा खाली ठोकलीय. शिंगरू लहान असंल ना."

मित्रांनो, एखाद्याची माया करताना त्याला काय सोसते ते आधी विचारून घ्या, एवढेच मला सांगायचे आहे. आणि तुमच्यापैकी कोणी या बाजूला आलाच, तर त्या गोठ्याशी थांबा. जयरामला कोणीतरी सांगायला हवे. पण धोंडूबाई तिथे नसताना सांगा.